बाजेवरची वाडी

शहापुरात रोवणीच्या दिवसांत शकुबाईला विचारल्याशिवाय कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, बायका उतरत नसत. यात तिची दादागिरी नव्हती. बायकांची टोळी तिनेच जमवलेली होती. कोणाचं धान आधी रोवायचं आणि कोणाचं मागून, हे तीच ठरवायची, आणि एकदा चिखलात उतरली की रांगेच्या डाव्या टोकाला ती असायची. तिचा हात चालेल तसे बाकीच्यांचे हात चालायचे. धानाच्या रोपाला आमच्याकडे पऱ्हा म्हणतात. डाव्या हातात पऱ्ह्याची जुडी, उजव्या हाताचा अंगठा चिखलात. सकाळी वाकलेली कंबर जेवणाच्या वेळेलाच सरळ व्हायची. लग्न होऊन या गावात आल्यापासून शकुबाईचा प्रत्येक पावसाळा असा वाकूनच गेला होता आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग एका आषाढात डोक्यावर पऱ्ह्याचा भारा घेऊन धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालताना तिचा पाय घसरला. भारा एकीकडे, ती दुसरीकडे. पडली ती बसल्या अंगाने, आणि पडल्या जागेवरून तिला उठता येईना. बायकांनी तिला उचलून रस्त्यावर आणलं. नागपूरला नेलं तेव्हा कळलं की कमरेचा मणका गेला. ऑपरेशन झालं. ते चांगलंच झालं असं सगळे म्हणाले. घरी पाठवायच्या दिवशी डॉक्टर तिच्याजवळ येऊन बसला आणि सावकाश समजावून सांगू लागला, "चालता येईल आई, उभं राहता येईल. पण वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही."

"कवापर्यंत?" शकुबाईने विचारलं.

"आता कायमचंच समजा."

 गाडीत शेजारी बसलेल्या नवऱ्याला, देवाजीला, तिने पार भंडाऱ्यापर्यंत एक शब्द बोलू दिला नाही.

घरी समोरच्या खोलीत बाज टाकली होती. त्या बाजेवर पडून तिने तो पावसाळा आणि त्यानंतरची दिवाळी काढली. टोळीतल्या बायका भेटायला येत, कोणाच्या बांधीत काय झालं ते सांगत, आणि मध्येच गप्प होत. त्यांचं गप्प होणंच तिला जास्त लागायचं. कमरेला पट्टा बांधून घरात चालायला लागली तरी तिच्या हाताला काही काम मिळेना. झाडू घेतला की सून हर्षा तो हळूच काढून घेई. देवाजी तांब्याभर पाणीही स्वतः आणून देई. मुलगा प्रविण हायवेवरच्या गॅरेजात ट्रकच्या कामाला होता. तो संध्याकाळी येऊन विचारी, "आई, आज काही केलं तं नाई ना?" या प्रश्नाचा तिला फार राग यायचा.

घराच्या मागे पूर्वी सांदवाडी होती. वालाचा वेल, भेदरं म्हणजे टोमॅटो, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, पावसाळ्यात कोचईची, अळूची, मोठाली पानं. घर नवं बांधलं तेव्हा धान वाळवायला बरं म्हणून तिनेच सांगून मागचं सगळं अंगण सिमेंटचं करून घेतलं होतं. तेव्हा पाय धडधाकट होते, शेत जवळ होतं, भाजी धुऱ्यावरही लावता येत होती. आता शेतात जाता येत नव्हतं आणि घरात मूठभर माती नव्हती.

एक दिवस सकाळी हर्षा ब्लाउज शिवायला घेऊन बसली होती आणि स्वयंपाकघरात मेथीचा ढीग तसाच पडला होता. शकुबाई आत गेली. या घरात ओटा प्रविणच्या हट्टाने झाला होता. उभं राहून स्वयंपाक कोण करतं, असं म्हणून शकुबाईने त्याला कधी हात लावला नव्हता. ती बसून रांधायची, मागच्या चुलीवर. पण त्या दिवशी ती ओट्याशी उभी राहिली, मेथी निवडायला लागली, आणि निवडता निवडता सगळा ढीग संपला. कंबर दुखली नाही. ती तिथेच ओट्यावर तळहात टेकवून उभी राहिली.

हर्षा धावत आली. "अवो आई, काहून उभ्या राह्यल्या तुमी? मी करतच होती ना!"

"हर्षा, हा ओटा कुठपर्यंत येते पाह्य. माया कमरेच्या वरता येते."

"हो. मंग?"

"मंग काई नाई. एक सुतळी आन."

हर्षाने शिवणाच्या पेटीतली फीत आणली, पण शकुबाईला सुतळीच हवी होती. तिने ओट्याच्या उंचीएवढी सुतळी तोडून घेतली, तिला गाठ मारली आणि मागच्या अंगणात गेली. तिथे पडवीत एक जुनी, मोडकळीला आलेली बाज उभी करून ठेवली होती. तिने सुतळी बाजेच्या पायाला लावून पाहिली. बाज बुटकी होती. खाली विटा घातल्या तर पुरली असती.

संध्याकाळी देवाजी शेतावरून आला तेव्हा तिने त्याला सांगून टाकलं. वाडी करायची आहे, बाजेवर. तो आधी हसला, मग तिचं तोंड पाहून हसणं थांबवलं.

"अवं, लोकं बाजीवर निजतेत. तू भाजी लावतं?"

"मी निजून पाह्यलं ना इतके महिने. काई उगवलं नाई."

प्रविण म्हणाला, "आई, तुले हौसच असन तं मी भंडाऱ्यावरून कुंड्या आनतो."

"कुंडी जमिनीवर राह्यते का नाई? मंग पानी द्याले वाकाव लागन. मले वाकाची कुंडी नोको. अन् इकत काई आनू नोका. घरात अन् गावात इतकं पडलं हाये."

तिची ही अट कोणाला फारशी पटली नाही, पण ती माघार घेईना. खताच्या रिकाम्या चुंगड्या उसवून दुहेरी अंथरल्या गेल्या. खाली विटा, कडेने जुन्या दाराच्या फळ्या. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठच्या शेतातली माती देवाजीने बंडीने आणली, त्यात गोठ्यातलं शेणखत घातलं. शकुबाई काठी घेऊन उभी, देवाजी आणि प्रविण भरणारे. मेथी, पालक आणि सांबार पेरला. कुंताबाई म्हणजे शेजारची, तिच्याच टोळीतली जुनी रोवणारीण. तिने मिरचीची रोपं दिली. मेथी वर आली तेव्हा शकुबाई सकाळी उठून आधी बाजेजवळ जाई आणि मग चहा घेई. पहिली मेथी तिने स्वतः खुडली, उभ्याने. त्या दिवशी जेवताना ती भाजी बरी झाली का हे कोणाला विचारावंही लागलं नाही.

माघात दोन दिवस अवकाळी पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी अंगणातून कडाडकन मोठा आवाज आला. भिजून जड झालेल्या मातीखाली बाजेचा एक पाय मोडला होता. सगळी वाडी एका अंगावर कलंडून सिमेंटवर पसरली होती, चिखलात मेथी, चिखलात मिरच्या. शकुबाई बाहेर धावली आणि विचार न करता वाकली. मिरचीचं एक रोप हातात आलं आणि कमरेत अशी कळ गेली की ती तिथेच गुडघ्यावर बसली.

पुन्हा बाज. पुन्हा पट्टा, गोळ्या, छताकडे पाहणं. डॉक्टरने फोनवर धीर दिला, नवीन काही मोडलेलं नाही म्हणाला, पण पडून राहा म्हणाला. प्रविणचा आवाज चढला होता. "बस झालं आता, आई. भाजी बजारातून येते. तुयी कंबर बजारातून येत नाई." देवाजीने फावडं घेऊन अंगणातला सगळा चिखल उकिरड्यावर नेऊन टाकला. कोणी विषय काढला नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शकुबाईनेच विचारलं, "मिरच्याचे रोपं बी फेकले का वो, हर्षा?"

हर्षा दारात उभी होती. लग्न होऊन आल्यापासून ती या घरात फार बोलत नसे. ती आत गेली आणि एक फुटकी बादली घेऊन आली, मग तेलाचे दोन डबे, मग एक कान तुटलेलं घमेलं. सगळ्यांत मिरच्या लावलेल्या होत्या, जराशा मान टाकलेल्या पण जिवंत. तिने ते सगळं बाजेजवळच्या खिडकीत, शकुबाईच्या हाताला येईल असं, मांडून ठेवलं.

"काहाडून ठेवले मी, तवाच," हर्षा म्हणाली. "बाबा उकिरड्यावर नेऊन राह्यले होते, त्याच्या आंदीच."

शकुबाईने एका मिरचीचं पान बोटांत धरून उलटून पाहिलं. मग म्हणाली, "तुले काय वाटते? मी पागल हाये?"

"नाई. बाज कच्ची होती."

एवढंच बोलून हर्षा मशीनवर जाऊन बसली. पण त्या दिवसापासून शकुबाईच्या डोक्यात विचार सुरू झाला. रडत बसण्यापेक्षा तो बरा होता. बाज का मोडली? माती ओली झाली की जड होते हे तिला आयुष्यभर ठाऊक होतं, फक्त आजवर ती माती खाली जमिनीवर होती, तिला कोणी उचलून धरायचं नव्हतं. म्हणजे आधार पक्का पाहिजे आणि माती हलकी पाहिजे.

आधाराचं तिने देवाजीवर सोपवलं, पण तसं सांगितलं नाही. एका संध्याकाळी तो बाजेशेजारी बसला असताना म्हणाली, "अजी, डुकरं हाकलाले शेतात तुमी मचान बांधता. त्याच्यावर तुमी निजता, पाऊस येते, वारा येते. ते कशी नाई मोडत?"

देवाजीला हा विषय आवडीचा. "मोडन कशी? ऐनाचे खांब हायेत. अन् दर बाजूनं तिरप्या बल्ल्या मारल्या हायेत. नुसते चार खांब उभे केले तं हालतेच. तिरपी बल्ली पाह्यजे." तो हाताने हवेत खांब, बल्ल्या, गाठी दाखवू लागला आणि मध्येच थांबला. तिच्याकडे पाहिलं. "हं. समजलं मले तुवं."

"मंग? धान तं कापून झालं. मचान तिथं कोनासाठी उभी हाये?"

दुसऱ्या दिवशी त्याने काही न सांगता बंडी जुंपली. मचानीचे खांब, बल्ल्या, बांबूच्या कामट्या सगळं उतरवून घरी आणलं. अंगणातल्या पश्चिमेच्या भिंतीशी त्याने ती पुन्हा बांधली, यावेळी बुटकी, शकुबाईच्या सुतळीच्या मापाने. बांधून झाल्यावर तो स्वतः मचानीवर चढून बसला, वर प्रविणलाही बसवलं. प्रविण बसला आणि पहिल्यांदाच हसला.

मातीचं शकुबाईने बघितलं. आमच्या भागात राइस मिल पुष्कळ, आणि मिलच्या मागे अर्धवट जळालेल्या कोंड्याचे काळे ढीग पडलेले असतात. कोणीही न्या, मालकाला जागा मोकळी होते तेवढी बरीच. तिने देवाजीला तो काळा कोंडा चुंगड्या भरून आणायला सांगितला. भरलेली चुंगडी हर्षाने एका हाताने उचलली. आधी कोंडा दोनदा पाण्याने धुऊन घेतला, म्हणजे राखेचा खार जातो. मग त्यात जुनं शेणखत, उकिरड्यातली कुजलेली काडी आणि थोडीच माती. अगदी खाली हायवेवरच्या शहाळेवाल्याकडचे नारळाचे सोडणे, ते पाणी धरून ठेवतात. त्यावर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, थर. आणि या सगळ्याच्या खाली अंथरायला गावच्या चौकातला उतरवलेला फ्लेक्स. कोण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा तो बॅनर होता. प्रविणने तो तोंड खाली करून अंथरला, तापवलेल्या सळईने भोकं पाडली, आणि म्हणाला, "साहेब कामाले आले."

पेरून आठवडा झाला नसेल, तेव्हा हर्षाने हाक मारली. मेथीच्या रांगांमध्ये मधूनच दुसरंच काही उगवलं होतं, बारीक, हिरवं, सरळ. गवत समजून ती उपटायला निघाली होती.

"थांब," शकुबाई म्हणाली. ती जवळ गेली आणि तिला ओळखायला वेळ लागला नाही. तणसात राहिलेले धानाचे दाणे रुजले होते. तिने त्यांतलं एक रोप दोन बोटांत धरलं, मुळासकट अलगद काढलं, मग दुसरं, मग तिसरं. हातात लहानशी जुडी झाली. हर्षाला तिने मिरच्या काढून रिकाम्या झालेल्या घमेल्यात चिखल करायला सांगितला आणि ते मचानीच्या कोपऱ्यावर ठेवायला लावलं. मग उजव्या अंगठ्याने ती एकेक रोप खोचू लागली, सारख्या अंतरावर, न वाकता. अंगठ्याला सगळं आठवत होतं. घमेलं भरलं तेव्हा तिचे डोळेही भरले होते. हर्षाने तिच्या हातावर लोट्याने पाणी घातलं.

उन्हाळा कठीण गेला. वैशाखात आमच्याकडे दुपारी अंगणात पाय ठेवता येत नाही. सिमेंट वरून तापे आणि खालून मचानीलाही भाजे. पालक करपून गेली, भेदरांची फुलं गळाली. प्रविणने गॅरेजातून फाटकी ताडपत्री आणून पश्चिमेच्या बाजूने बांधली, वरून जुनी पातळं ताणली. पाण्यासाठी बादली उचलणं शकुबाईला मना होतं, म्हणून हर्षाने एक मडकं मचानीच्या मधोमध मातीत पुरलं, बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात सुती चिंधी घातली. तांदूळ धुतलेलं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी त्या मडक्यात जाई आणि हळूहळू झिरपत राही. मग वांदरं आली. एका सकाळी त्यांनी वालाचा वेल ओरबाडून खाल्ला. देवाजीने बोरीच्या काट्या कापून आणल्या आणि भिंतीवर रचल्या. मिरचीला मावा लागला तेव्हा शकुबाईने चुलीतली राख पानांवर भुरभुरली, दर सकाळी, एकेक पान उलटून बघत. हे काम उभ्याउभ्या तासभर चाले. तिला घाई नव्हती.

एप्रिल-मेमध्ये तलाव आटला तेव्हा देवाजी तळातला वाळलेला गाळ घेऊन आला, आणि शकुबाईने त्यातला थोडाच घ्यायचा हट्ट धरला. तो म्हणाला, "अवं, सोनं हाये हे." ती म्हणाली, "सोनं बी जड राह्यते."

पावसाळा आला आणि मचान उभीच राहिली. सलग पाऊस लागला की देवाजी छत्री घेऊन तिरप्या बल्ल्या हलवून बघे. पाणी फ्लेक्सच्या भोकांतून खाली गळत राही. दोडक्याचा वेल पातळांच्या दोरीवर चढला, चवळी लोंबू लागली, भेदरं लाल झाली. शिवणाच्या बायका हर्षाकडे माप द्यायला येत आणि मागच्या अंगणात जाऊन उभ्या राहत. कोणी सांबार मागून नेई, कोणी बी. शकुबाई बी देई, पण आधी विचारी, "कुठं लावतं? कायच्यात?"

तिची कंबर मात्र बरी झाली नाही. थंडीत सकाळी ती पट्ट्याशिवाय उठू शकत नाही, आणि जास्त वेळ उभी राहिली तर रात्री पाय ठणकतात. डॉक्टरने पुढच्या तपासणीला एक्स-रे पाहिला, आहे तसंच आहे म्हणाला, आणि वाकायचं नाही हे पुन्हा सांगितलं. "वाकत नाई मी," शकुबाईने सांगितलं, आणि ते खरं होतं.

एक दिवस कुंताबाई आली. ती मचानीजवळ उभी राहून बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"शकू, माये गुडघे गेले वो बाई. यंदा रोवनीले नाई जमलं. लेकानं सांगतलं, घरी बस. बसाले बी येत नाई मले, अन् उठाले बी येत नाई."

"तुया घरी मचान हाये का?"

"नाई."

"बल्ल्या?"

"जुन्या गोठ्याच्या हायेत."

"मंग बस झालं."

शकुबाई तिच्या घरी गेली ती काठी आणि नवी सुतळी घेऊन. कुंताबाई तिच्यापेक्षा ठेंगणी, म्हणून मापही नवीन घ्यायला हवं होतं. देवाजी आणि कुंताबाईचा लेक खांब रोवत होते, हर्षा कोंडा धूत होती. कोंड्याच्या चुंगड्या, गाळ, नारळाचे सोडणे सगळं अंगणात जमलं. तणस पसरून झालं, वर माती पसरून झाली. कुंताबाई पदरात वांग्याची रोपं घेऊन आली आणि जन्माची सवय म्हणून मचानीशेजारी जमिनीवर बसायला लागली, एक हात गुडघ्यावर, तोंडावर कळ.

"बसू नोको," शकुबाई म्हणाली.

"अवं, लावाचे हायेत ना रोपं."

"उभ्यानं लाव."

कुंताबाईला ते कळलं नाही. ती रोपं पदरात धरून तशीच अर्धवट वाकून थांबली. शकुबाईने काठी भिंतीला टेकवली, तिच्या दंडाला धरून तिला सरळ केलं, मचानीशी उभं केलं आणि तिचा उजवा हात मातीवर नेऊन ठेवला. माती काळी होती, हलकी, नुकतीच भिजवलेली. कुंताबाईने अंगठा आत घातला.

"अवो माय," ती म्हणाली, "इथं तं सोपं हाये."

"सोपं नाई," शकुबाईने सांगितलं. "वांदरं येतीन, उन्हाळा येईन. पन होते. थोडं दूर लाव ते, वांगं पसरते."